बावीस मिनिटांचं सज्जनगड



परवा तालुक्याच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र फिरत होतं. तुमच्याकडेही आलं असेल. महाराष्ट्राचा नकाशा, एका टोकाला आपलं जांब समर्थ, दुसऱ्या टोकाला सज्जनगड, मधे सरळ लाल रेघ आणि रेघेवर छोटंसं विमान. खाली लिहिलेलं : ‘हवाई अंतर २९४ किमी, विमान प्रवासाचा वेळ २२ मिनिटे’. त्याखाली कुण्या उत्साही कार्यकर्त्याची भर : समर्थांची जन्मभूमी ते समाधीभूमी फक्त २२ मिनिटांत, गरज आहे ती जिल्ह्याला विमानतळाची! कोपऱ्यात भाऊंचा हात जोडलेला फोटो.

तासाभरात टाळ्यांचा आणि भगव्या झेंड्यांचा पाऊस पडला. एकानं तर ‘तिकीट किती राहील?’ असंही विचारून टाकलं.

मी पत्रकारितेच्या डिप्लोमाला होतो तेव्हा आमचे एक सर म्हणायचे, आकडा दिसला की आधी विचारा, भागाकार कुणी केला? म्हणून मी मोबाईल काढला आणि भागाकार केला. २९४ किलोमीटर आणि २२ मिनिटं म्हणजे ताशी ८०० किलोमीटर बरोबर. संपलं. यात जांब नाही, सज्जनगड नाही, विमान तर नाहीच. नकाशावरच्या दोन ठिपक्यांमधलं सरळ अंतर घेतलं, त्याला ८०० नं भागलं, झाला ‘प्रवासाचा वेळ’. याच हिशोबानं आमच्या घरापासून सासुरवाडी दोन मिनिटांवर येते. दिवाळीला जायला तीन तास लागतात ते सोडा.

आता जे विमान खरोखर उडतं त्याच्याकडं बघा. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर सरळ अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्या लाल रेघेच्या जवळपास. ८०० नं भागलं तर २१ मिनिटं यायला हवीत. पण विमान कंपनीच्या वेळापत्रकात साधारण तास लिहिलेला असतो. कारण विमान धावपट्टीपर्यंत रांगत जातं, चढतं, वळतं, रांगेत थांबतं, उतरतं. ताशी ८०० चा वेग त्याला मधल्या थोड्या वेळापुरता मिळाला तर मिळाला. छोट्या गावांना येणारी पंख्याची विमानं तर तेवढ्या वेगानं उडतच नाहीत, ती ५०० च्या आसपास.

बरं, सगळं मान्य करू. आपल्यासाठी थेट विमान सुरू झालं असं धरू. ते उडणार कुठून? जवळचा विमानतळ चिकलठाणा. जांबहून तिथं रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे रस्ता बरा असला तर अडीच-तीन तास. दीड तास आधी पोचायचं. विमानात एक तास. उतरणार कुठं? सज्जनगडाच्या पायथ्याला विमान उतरत नाही. कऱ्हाडला धावपट्टी आहे पण रोजची प्रवासी विमानं नाहीत. राहिलं कोल्हापूर. तिथून पुन्हा साताऱ्याला आणि गडावर यायला अडीच-तीन तास. बेरीज करा, आठ-नऊ तास होतात. दासनवमीला आपल्याकडची मंडळी क्रूझर करून पहाटे निघतात, शहागड, नगर, दौंडवरून संध्याकाळच्या आरतीला गडावर असतात. त्यांनाही तेवढेच तास लागतात, आणि वाटेत चहाला थांबता येतं.

म्हणजे ते २२ मिनिटं तुमच्या-माझ्या आयुष्यात कुठंच नाहीत. फक्त पोस्टरवर आहेत.

आता कुणी म्हणेल, पत्रकारसाहेब, एवढं काय मनावर घेता, पोरानं हौसेनं केलंय. पोराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं भांडण त्या रेघेशी आहे. कारण ही सरळ रेघ आता फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर राहिलेली नाही. आपल्या भागाचा विकास याच रेघेनं मोजला जातो. मुंबई किती तासांवर आली, पुणे किती तासांवर येणार. कुठून? जालन्याच्या बायपासपासून. जांबपासून, राजाटाकळीपासून, मंगरूळपासून जालन्याच्या बायपासपर्यंत यायला किती वेळ लागतो हे एकाही भाषणात येत नाही. या भागात पंधरा-वीस वर्षं मी वहीत भाषणं लिहून घेतोय, त्यात एकदाही नाही.

सरळ रेघेनं काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच गोदामाईचं घ्या. आपल्या तालुक्याची दक्षिण हद्द म्हणजे गोदावरी. नदीकाठच्या गावात उभं राहिलं की पलीकडं बीड जिल्ह्यातलं गाव दिसतं. रात्री त्यांच्या देवळातलं भजन ऐकू येतं. हवाई अंतर काढलं तर दीड-दोन किलोमीटर. विमानाचा वेळ काढला तर काही सेकंद. पण पलीकडच्या गावात लेक दिली असेल तर तिच्या बापाला विचारा, पूल आहे तिथपर्यंत जाऊन, नदी ओलांडून, परत मागं यायला किती वेळ लागतो. जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी इथं बंधारे झाले, पाणी अडलं, ऊस वाढला, चांगलं झालं. पण पूर्वी उन्हाळ्यात लोक वाळूतून चालत पलीकडं जायचे, आता बंधाऱ्याच्या पोटात बाराही महिने पाणी. म्हणजे नकाशावरचं अंतर तेवढंच राहिलं आणि चालत्या माणसाचं वाढलं. हे कुठल्या रेघेत मोजणार?

आणि सरकारही हीच रेघ वापरतं. आरटीईच्या प्रवेशाचा अर्ज ज्यांनी भरलाय त्यांना माहितीय. नकाशावर आपल्या घराच्या जागी तो लाल फुगा नेऊन ठेवायचा, आणि शाळेचं अंतर हवाई धरायचं. एक किलोमीटरच्या आत, तीन किलोमीटरच्या आत, असा हिशोब. मधे ओढा आहे, मधे रेल्वेचे रूळ आहेत, मधे कुणाच्या उसाचं रान आहे, फुग्याला त्याचं काही नाही. पोरगं काही फुग्याला लटकून शाळेत जात नाही.

विमानतळाच्या मागणीवर येतो, कारण मूळ विषय तोच आहे आणि त्यावर मला शिव्या पडणार आहेत.

मराठवाड्याला विमान नको असं मी म्हणत नाही. मराठवाड्याला विमानतळ मिळाले त्यांचं काय झालं, एवढंच विचारतोय. २००९ मध्ये राज्यातले पाच विमानतळ, नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती, एका खासगी कंपनीला लांब मुदतीच्या भाडेपट्टीवर दिले गेले. तेव्हाही भाषणं झालीच होती. लातूरला धावपट्टी आहे, इमारत आहे, बोर्ड आहे. लातूरचा माणूस मुंबईला मात्र रेल्वेनं जातो. धाराशिवचा माणूस विमानतळ विचारलं तर आधी हसतो.

नांदेडचं बघा. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेची पहिली विमानं उडाली त्यात नांदेड-हैदराबाद होतं. केवढा अभिमान होता आम्हाला. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसणार, असं सांगितलं गेलं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास भाडं, तेही विमानातल्या ठरावीक जागांनाच, आणि कंपनीला जो तोटा येईल तो सरकारनं तीन वर्षं भरून द्यायचा. ती भरपाई कुठून? मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून. ज्या कंपनीचं विमान तेव्हा नांदेडहून उडालं तिनं फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला धंदाच थांबवला. जळगावला २०१७ च्या डिसेंबरात वाजतगाजत छोटं विमान सुरू झालं, ते चालवणारी कंपनीही २०२० मध्ये बंद पडली. पुढं दुसऱ्या कंपन्या आल्या, विमानं पुन्हा सुरू झाली, पुन्हा खंड पडले. हे एका नांदेडचं किंवा एका जळगावचं रडगाणं नाही. देशाच्या महालेखापालांचा, म्हणजे कॅगचा अहवाल २०२३ मध्ये संसदेत आला. उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले होते. त्यातले ३७१ सुरू झाले. तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि सरकारी आधार संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत तग धरून राहिले ५४.

७७४ मधले ५४! शंभर एकर पेरलं आणि सात एकर पदरात पडलं तर आपण बियाण्याच्या दुकानात जाऊन काय बोलतो, ते मी इथं लिहू शकत नाही.

मग मला लगेच विचारतात, उद्योग कसे येणार? जालन्याचं स्टील आहे, बियाणं आहे, मोसंबी आहे. अहो, आहेच. बियाण्याचा धंदा जालन्यात १९६४ पासून मोठा झाला, मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, सळईचे कारखाने उभे राहिले. हे सगळं विमानतळाशिवाय झालं. सळई विमानानं जात नाही, ट्रकनं जाते. मोसंबी ट्रकनं जाते, आणि बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा जो पहिला दोन-चार किलोमीटरचा चिखलाचा तुकडा असतो ना, व्यापारी भाव पाडतो तो त्या तुकड्यावर. ‘गाडी आत येत नाही, शेठ.’ कारखानदाराला दिल्लीला जायचं असेल तर जालन्याहून चिकलठाणा तासाभरावर आहे. त्याची अडचण नाहीच. अडचण आहे ती घनसावंगीच्या पुढं राहणाऱ्याची.

आणि ज्यांना खरोखर विमान लागतं त्यांना ते मिळतं, त्यालाही माझा नमस्कार आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाची बेटं आहेत. तिथं वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधे १९६७ पासून विमान जातं. अंतर तीन किलोमीटरही नाही. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा पाठीशी असला तर त्याहून कमी. जगातलं सगळ्यात छोटं नियमित विमान. पलीकडच्या बेटावर माणसं शंभराच्या आतबाहेर. म्हणजे आपल्याकडची एखादी वस्ती. तरी तिथं विमान जातं, कारण मधे खवळलेला समुद्र आहे, शिक्षक आणि डॉक्टर पोचायचे कसे हा प्रश्न आहे. तिथल्या सरकारनं आधी विचारलं, या माणसांना कुठं जायचं असतं? मग ठरवलं, कशानं न्यायचं. आपल्याकडं आधी विमान ठरतं, मग माणसं शोधतात.

आपल्या माणसांना कुठं जायचं असतं? विचारून बघा. कुंभार पिंपळगावला, आठवड्याच्या बाजाराला आणि बँकेत. घनसावंगीला तहसीलमधे, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. परतूरला रेल्वे पकडायला. अंबडला, जालन्याला कॉलेजला. संभाजीनगरला घाटीत. पुण्याला पोराच्या खोलीवर गव्हाचं पोतं द्यायला. यातल्या एकाही ठिकाणाचं हवाई अंतर कुणाला नकोय. पहिली गाडी किती वाजता, आणि शेवटची गाडी चुकली तर काय, एवढंच पाहिजे.

मुक्कामी एस.टी. हा शब्द आता तरुण पोरांना समजावून सांगावा लागतो. संध्याकाळी गाडी गावात यायची, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपायचे, गावातून कुणीतरी भाकरी द्यायचं, आणि पहाटे तीच गाडी जिल्ह्याला सुटायची. पेशंट, कोर्टाच्या तारखेचा माणूस, परीक्षेची पोरं, दुधाची कॅन, सगळं त्यात. २०२१-२२ चा लांबलेला संप झाला, आणि अनेक गावांत तेव्हा तुटलेली सवय परत जुळलीच नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगला निर्णय होता, मी तेव्हाही लिहिलं. पण अर्धं तिकीट कशाचं, गाडी आली तर ना! येत नाही तिथं बाई पूर्ण पैसे देऊन काळीपिवळीच्या मागच्या बाकावर चौदावी म्हणून बसते.

वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला सुरू झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढवली. आनंद आहे. नांदेडपर्यंत वाढली तेव्हाच्या थांब्यांत परभणी होतं, जालना होतं, परतूर नव्हतं. आपल्या भागाचं स्टेशन परतूर. म्हणजे जांबच्या माणसानं परतूरच्या फलाटावर उभं राहून तिला टाटा करायचा. समृद्धी महामार्गाचंही तसंच. ७०१ किलोमीटर, नागपूर-मुंबई आठ तास, नाव समृद्धी. निधोन्याच्या इंटरचेंजला चढल्यावर गाडी पाण्यासारखी जाते, खरंय. दुचाकीला बंदी आहे. आता आपल्या तालुक्यात किती घरांत चारचाकी आणि किती घरांत दुचाकी, तुम्हीच सांगा.

मागच्या वर्षीची गोष्ट. ओळखीतल्या एका घरात सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. गावाचं नाव सांगत नाही, दवाखान्याचंही नाही, कारण मुद्दा एका डॉक्टरचा नाही. पहिल्या ठिकाणी सांगितलं, पुढं न्या. दुसऱ्या ठिकाणी कागदावर लिहिलं, रेफर. मी सोबत होतो. १०८ ची गाडी आली, २०१४ पासून ही सेवा आहे आणि तिनं किती जीव वाचवले हे मला माहितीय, त्या पोरांना सलाम. पण गाडीला रस्ता तर लागेल? आत सासूबाई प्रत्येक खड्ड्याला सुनेचं पोट दोन्ही हातांनी धरत होत्या आणि ड्रायव्हर तोंडानं सॉरी, सॉरी म्हणत होता. त्याचा काय दोष. हवाई अंतर काढलं तर तो सगळा प्रवास चार मिनिटांचा आहे. आम्हाला पावणेदोन तास लागले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पोरीचं नाव त्यांनी वेणू ठेवलंय. पावणेदोन तास पुरले म्हणून सुखरूप, तीन लागले असते तर मी ही पोस्ट वेगळी लिहिली असती.

त्यामुळं सज्जनगडाची ती लाल रेघ बघून मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

आणि समर्थांचं नाव घेऊन तरी असली बात करू नये. १६०८ च्या रामनवमीला या गावात जन्मलेलं पोर, परंपरा सांगते की बाराव्या वर्षी ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळालं ते चालत नाशिकला पंचवटीत पोचलं. हवाई अंतर २४० किलोमीटर, विमानाचा वेळ १८ मिनिटं, घ्या काढून! पुढं बारा वर्षं टाकळीला, मग बारा वर्षं देश पायी फिरणं. त्यांचा मठ पार तंजावरला आहे. त्या माणसाला अंतर म्हणजे काय ते पायाला माहीत होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये जांबच्या मंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा राज्यभर गावाचं नाव झालं, ऑक्टोबरमध्ये त्या सापडल्या, आनंद झाला. तेव्हा बाहेरून आलेले पत्रकार मित्र मला फोन करून एकच विचारायचे, अरे, तुमच्या गावाला यायचं कसं? गूगल तर जवळ दाखवतंय.

असो. भाऊंच्या कार्यकर्त्याला मी ग्रुपवरच उत्तर दिलं. त्यानं लिहिलं, ‘सर, तुम्ही विकासाच्या विरोधात आहात का?’ आणि शेजारी हसरं तोंड. त्याला उत्तर म्हणून ही पोस्ट.

विमानतळाच्या मागणीची निवेदनं भरपूर झाली. आता निवडणुकीला जो कुणी दारात येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला मी तीन गोष्टी विचारणार आहे. तालुक्यातल्या किती गावांत पहाटे सहाच्या आत एस.टी. सुटते, याची यादी त्याच्याकडं आहे का? परतूरला मोठ्या गाड्यांच्या थांब्यासाठी त्यानं कुठल्या तारखेला कुणाला पत्र दिलं, त्याची पोच दाखव. आणि रात्री अकरा वाजता जांबहून पेशंट निघाला तर जालन्याला किती वाजता पोचतो, हे त्यानं स्वतः गाडीत बसून मोजलंय का? हेलिकॉप्टरनं नाही. सभेच्या दिवशी शेतात चुन्याचं वर्तुळ मारून जे उतरतं ते सोडून.

ती पहिली यादी मीच करायला घेतोय. खाली कमेंटमधे तुमच्या गावाचं नाव लिहा. सकाळची पहिली एस.टी. किती वाजता, संध्याकाळची शेवटची किती वाजता, आणि पूर्वी मुक्कामी गाडी होती का, असेल तर साधारण कोणत्या वर्षी बंद झाली. माझ्याकडं काल रात्रीपर्यंत अकरा गावं झालीत, त्यातल्या सात गावांच्या पहिल्या रकान्यात ‘नाही’ आहे. नदीकाठच्यांनी पलीकडच्या गावाचं नाव आणि रस्त्यानं लागणारा वेळही लिहावा. पंधरा दिवसांनी कागदावर उतरवून आगारात आणि कलेक्टर ऑफिसला देतो, पोच इथं टाकतो.

हवाई अंतर लिहू नका.

जय जय रघुवीर समर्थ.